जुन्या चांदीच्या चहादाणीचा दांडा निखळलाय. घरी डाख द्यावा का?

मोरपीस:
वारशात एक चहाचा संच माझ्याकडे आलाय. चहादाणी, दूधदाणी, साखरदाणी आणि एका लाकडी पेटीत काटे-चमचे-सुऱ्या. बरीच वर्षं फडक्यात गुंडाळून पडलं होतं सगळं.

चहादाणीचा दांडा वरच्या सांध्यातून सुटलाय, नुसता खालच्या सांध्यावर लोंबतोय. दांड्यात वर आणि खाली एकेक पांढरट चकती आहे. पोटावर अंगठ्याएवढा पोचा आहे. साखरदाणीचा एक पाय आत दबलाय, दोन सुऱ्यांची पाती मुठीत खुळखुळतात आणि एका काट्याचा दाता वाकडा आहे.

तांब्याच्या नळ्या जोडायला आणलेला गॅसचा छोटा बर्नर घरात आहे. चांदीचा डाख आणि टाकणखार आणून सगळं एका बैठकीत उरकावं म्हणतेय. अनुभवी मंडळींनी सांगावं.

अर्धवट_हौशी:
बिनधास्त करा. मी चमच्याची मोडकी दांडी अशीच जोडली. जोडाच्या आजूबाजूला जांभळट करडा डाग राहिलाय, घासून जात नाही, पण जोड पक्का आहे.

रिकामटेकडी:
वाचतेय. माझ्याकडेही असंच एक खोकं आहे.

ठोकपीट:
मोरपीसताई, बर्नर आधी कपाटात ठेवा.

तीन गोष्टी बघून सांगा. प्रत्येक भांड्याच्या तळाला कोणते ठसे आहेत? एकाच संचात आहेत म्हणजे सगळी एकाच धातूची असं धरू नका. दुसरं, दांडा जिथून सुटला तिथे धातूचा रंग कसा आहे? करडा, मऊ, ओघळ आल्यासारखा गोळा दिसतो का? नखाने नाही तर सुईने ओरखडा काढून बघा. तिसरं, चहादाणीच्या आत हात घालून पोचा आतून चाचपा. पत्रा तिथे पातळ लागतो का?

मोरपीस:
बघितलं. चहादाणी आणि दूधदाणीच्या तळाला चालता सिंह, बिबट्याचं तोंड (डोक्यावर मुकुट नाही), एक अक्षर आणि एका बाईचं डोकं. साखरदाणीवर प्राणी वगैरे काही नाही, नुसती 'ईपीबीएम' अशी चार अक्षरं चौकटीत. सुऱ्यांच्या मुठींवर ठसे पुसट झालेत.

दांड्याच्या सांध्यावर करडा गोळा आहे हो! सुई सहज रुतली. पोच्यापाशी पत्रा पातळ आहे का ते मला कळलं नाही.

ठोकपीट:
आता सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

चालता सिंह म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग चांदी. हजारात ९२५ भाग चांदी, बाकी मुख्यतः तांबं. बिबट्याचं तोंड लंडनच्या परीक्षण कचेरीचं, म्हणजे चांदीचा कस तपासून ठसा मारणाऱ्या कचेरीचं. १८२१ पर्यंत त्याच्या डोक्यावर मुकुट असायचा, पुढे तो गेला. राजा-राणीचं डोकं हा कर भरल्याचा ठसा, १७८४ ते १८९० या काळात मारला जायचा. बाईचं डोकं म्हणजे व्हिक्टोरिया, म्हणजे तुमची दोन भांडी १८३७ ते १८९० च्या मधली. नेमकं वर्ष त्या अक्षरावरून निघेल. अक्षराचा टाइप आणि भोवतीच्या चौकटीचा आकार, दोन्ही तक्त्याशी ताडून बघायचे. वर्षागणिक पुढे सरकणारी अक्षरं संपली की नवी फेरी सुरू होते आणि तेच अक्षर परत येतं, बदलते ती चौकट आणि अक्षराची ढब.

आता साखरदाणी. ती चांदीची नाहीच. 'ईपीबीएम' म्हणजे ब्रिटानिया मेटलवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. ब्रिटानिया मेटल हे बहुतांश कथील, त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं. ते २५० अंशांच्या आसपास वितळतं आणि चांदीच्या डाखाला सातशेच्या वर लागतात. तुमच्या बेताप्रमाणे गेलात तर पाय सरळ व्हायच्या आधी साखरदाणी विटेवर सांडलेली असेल. मी हे एका कार्यशाळेत दुसऱ्याच्या भांड्याबाबत होताना पाहिलंय. आधी काहीच होत नाही, रंगही बदलत नाही, आणि मग अख्खी कड एकदम खाली बसते. सावध करणारी लाली या धातूला येतच नाही.

आणि तो करडा गोळा. हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पूर्वी कुणीतरी तो दांडा शिशा-कथलाच्या डाखाने चिकटवलाय. तो डाख १८३ अंशांपासूनच पातळ व्हायला लागतो, म्हणून घाईच्या दुरुस्तीला सोपा. पण शिसं अंगावर असताना चांदी सातशे अंशांवर नेली की शिसं चांदीला खातं. दोघं एकत्र आले की त्यांचं मिश्रण ३०४ अंशांनाच वितळू शकतं. मग जिथे शिशाचा कण होता तिथे खड्डा, पत्रा पातळ असेल तर आरपार भोक. ते भोक बुजवायला आणखी डाख, आणखी ताव, आणखी भोक. जुन्या चांदीची वाट लागते ती मूळ मोडतोडीपेक्षा या असल्या दुरुस्तीवर दुरुस्ती चढल्याने.

धातूवेडा:
ठोकपीटकाकांशी सहमत, पण पुढे काय करायचं तेही सांगा. शिसं काढून टाकलं की चांदीचा डाख देता येतोच की. चहादाणी भरली की सगळा भार दांड्यावर. मऊ डाखाचा, म्हणजे कमी तावावर वितळणाऱ्या कथलाच्या डाखाचा जोड तिथे किती टिकणार? जुने कारागीर मऊ डाखाचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करतात, ते उगाच नाही.

ठोकपीट:
रास्त प्रश्न. पण चांदीचा डाख कोणत्या परिस्थितीत द्यायचा ते बघा.

चांदी उष्णता वाहून नेण्यात सगळ्या धातूंच्या पुढे. म्हणजे दांड्याचा कोपरा तेवढा तापवायचा ही सोय नाही. डाख पळायला, म्हणजे वितळून सांध्यात वाहायला हवा असेल तर जवळपास अख्खी चहादाणी तापते. स्टर्लिंग ८०० च्या थोडं वर वितळायला सुरुवात करते. चांदीचे डाख ७०० ते ७८० च्या दरम्यान पळतात. सगळ्यात कडक, म्हणजे सगळ्यात जास्त तावावर पळणारा डाख घेतलात तर हातात वीस-पंचवीस अंशांची मोकळीक. उजेडात चांदीची लाली दिसत नाही, त्यामुळे खोलीत अंधार करून काम करावं लागतं.

या तावात काय काय होतं? भांड्याचा पत्रा ठोकून ठोकून कडक झालेला असतो, तो नरम पडतो आणि मग बोटाने दाबलं तरी पोचा येतो. तोटीचे, तळाचे जुने जोड सैल होऊ शकतात. दांड्यातल्या त्या पांढरट चकत्या बहुधा हस्तिदंताच्या किंवा हाडाच्या, हाताला चटका बसू नये म्हणून घातलेल्या. त्या तडकतात, काळ्या पडतात. काहीही करण्याआधी त्या सोडवायला हव्यात. चकतीच्या बाजूला बारीक टोक दिसेल, ती आडवी चांदीची खीळ. बारीक पंच लावून हलक्या हाताने ठोकली की निघते. कोणत्या बाजूने मारायचं ते आधी ठरवा, खीळ बरेचदा एका टोकाला किंचित निमुळती असते.

आणि अर्धवट_हौशी, तुमचा जांभळट डाग ही याच तावाची देणगी.

अर्धवट_हौशी:
तेच विचारणार होतो. पॉलिश पेपरने घासला, गेला असं वाटलं, दुसऱ्या दिवशी उजेडात बघतो तर आहे तिथेच.

धातूवेडा:
तो वर नाहीये, आत आहे. स्टर्लिंग हवेत तापवली की ऑक्सिजन पृष्ठभागातून आत शिरतो आणि तिथल्या तांब्याचा ऑक्साइड करतो. वरचा काळा थर सौम्य आम्लात जातो, आतला तसाच राहतो. तो काढायचा तर तेवढी चांदीच घासून काढावी लागते. जाड चमच्यावर चालून जाईल. दीडशे वर्षं घासल्या गेलेल्या चहादाणीवर तेवढी चांदी शिल्लक कुठून आणणार? म्हणून बरेच जण वरून शुद्ध चांदीचा मुलामा देऊन डाग झाकतात. मग भांडं आरशासारखं पांढरंफटक दिसतं आणि जाणकार लांबूनच ओळखतो.

टाळायचा तर तापवण्याआधी बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून अख्ख्या वस्तूवर तिचा लेप द्यायचा, स्पिरिट पेटवून उडवायचं, पांढरा थर राहतो. त्याने हवा अडते, पूर्ण नाही पण बरीचशी. आणि आम्लातून वस्तू काढताना लोखंडी चिमटा घालू नका. वापरून वापरून आम्लात तांबं उतरलेलं असतं, लोखंड बुडलं की ते तांबं चांदीवर बसतं. भांडं गुलाबी होतं. तांब्याचा किंवा प्लास्टिकचा चिमटा घ्या.

रिकामटेकडी:
एवढं सगळं वाचून मला इपॉक्सीच बरं वाटायला लागलंय. दोन ट्यूब कालवल्या, चिकटवलं, झालं.

ठोकपीट:
दांड्याला नको. उकळत्या पाण्याने भांडं तापतं-निवतं, साध्या इपॉक्सीला तेवढी उष्णता रोज सोसत नाही. जोड सुटेल तो चहादाणी भरलेली असताना. शिवाय पुढे कुणाला नीट दुरुस्ती करायची झाली तर सांध्यातलं इपॉक्सी खरवडत बसावं लागतं. नुसतं कपाटात ठेवायचं भांडं असेल तर संग्रहालयातले लोक पॅरालॉइड बी-७२ सारखी राळ वापरतात. ती अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते, म्हणजे केलेलं परत पुसता येतं. झटपट चिकटणाऱ्या डिंकाच्या वाटेला तर जाऊच नका.

माझं मत विचाराल तर या चहादाणीला कथील-चांदीचा डाख. कथलात साडेतीन टक्क्यांच्या आसपास चांदी, शिसं अजिबात नाही, २२१ अंशांना पळतो. पत्रा नरम पडत नाही, जांभळा डाग येत नाही, बाकीचे चांदीच्या डाखाचे जोड हलत नाहीत. भाराचा प्रश्न धातूवेडा यांनी बरोबर काढला, पण भार डाखाच्या जातीवर कमी आणि टेकणाऱ्या जागेवर जास्त अवलंबून असतो. दांड्याच्या मुळाशी पसरट वाटीसारखी बैठक असते. ती पोटाच्या गोलाईवर सगळीकडून टेकली पाहिजे, मध्ये फट नको. काजळी लावून बसवून बघा. काळं जिथे उमटलं नाही तिथे बैठक टेकत नाही. मऊ डाख फट भरतो, पण भरलेली फट म्हणजे जोर नव्हे. बैठक नीट टेकलेली असेल तर पातळ थरही बरंच तोलतो.

त्याआधी शिसं मात्र निघालं पाहिजे. हलका ताव देऊन डाख पातळ झाला की कापडाने पुसून घ्यायचा, उरलेला स्क्रेपरने खरवडायचा, खाली पांढरी चांदी दिसेपर्यंत. तोंडावर मास्क, खाली कागद, नंतर हात धुणं. ती भुकटी घरात उडता कामा नये. आणि खरवडताना ठशांच्या जवळ जाऊ नका.

धातूवेडा:
रोज वापरायची असेल तर मी अजूनही चांदीच्या डाखाच्या बाजूने आहे, पण तो अनुभवी चांदीकाम करणाऱ्याने द्यावा आणि शिसं पूर्ण निघाल्याची खात्री करून. लेझर वेल्डिंगचा तिसरा पर्यायही आहे. ताव अगदी टिचभर जागेत राहतो, चकत्या काढाव्या लागल्या तरी पत्रा वाचतो. अडचण अशी की चांदी लेझरचा प्रकाश परतवते आणि उष्णता पळवून नेते, त्यामुळे यंत्र ताकदीचं आणि हात सरावाचा लागतो. नाहीतर जोडात बुडबुडे राहतात.

मोरपीस:
साखरदाणी चांदीची नाही हे पचवतेय. 😅 तिच्या पायाचं काय? आणि पोचा?

ठोकपीट:
पाय हाताने. ब्रिटानिया मेटल मऊ असतं. आतून लाकडी दांडा टेकवून, बाहेरून अंगठा ठेवून, थोडं थोडं ढकला. एकदम नको, तडकेल. दबलेल्या जागी मुलाम्याला आधीच भेग पडलेली असेल, तिथून खालचा करडा धातू दिसेल. दिसू दे.

पोच्याचं काम मजेचं आहे. चहादाणीचं तोंड अरुंद, आत हातोडी जात नाही. म्हणून एक लांब लोखंडी सळई घेतात, तिचं टोक वर वाकवून गुळगुळीत गोल केलेलं. दुसरं टोक शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट आवळायचं. भांडं त्या वाकड्या टोकावर असं धरायचं की टोक आतून बरोबर पोच्याखाली येईल. आता हातोडी भांड्यावर नाही मारायची, शेगड्याजवळ सळईवर मारायची. सळई थरारते, वाकडं टोक उसळतं आणि आतून पोच्याला टिचकी बसते. भांडं धरलेल्या हाताला प्रत्येक टिचकी कळते. पोचा भरत आला की आवाज बद्दऐवजी खणखणीत येतो. मधोमध सुरू करू नका, पोच्याच्या कडेने फिरत आत या.

पण आधी पोच्याच्या जागेवर तोंडाने हा करून वाफ सोडा. चांदीवर वाफ धरते त्या दोन क्षणांत पूर्वीच्या दुरुस्त्या दिसतात. डाखाची रेघ वेगळ्या रंगाने उठते, खोडून टाकलेली अक्षरं किंवा कुळाचं चिन्ह सावलीसारखं उमटतं. पोटावर मधोमध अशी खोडलेली नक्षी असेल तर तिथला पत्रा खरवडून पातळ केलेला आहे. अंगठ्याने दाबल्यावर टिकटिक करत आत-बाहेर होत असेल तर तिथे ठोकाठोक करू नका. पोचा राहू दे.

मोरपीस:
हा करून बघितलं!! पोटावर एका ढालीसारख्या आकाराची सावली दिसली. पोचा तिच्या कडेला आहे. अंगावर काटा आला.

रिकामटेकडी:
मी पण जाऊन सगळ्या भांड्यांवर फुंकर मारून आले. घरचे बघत होते.

पाचवा_पाय:
अवांतर: जुन्या भांड्यांना नवे अवयव लावण्याची हौस एकोणिसाव्या शतकात फार होती. साध्या झाकणाच्या पेल्यांना तोटी बसवून त्यांचे जग केले गेले. आज ब्रिटनमध्ये १९७३ च्या हॉलमार्किंग कायद्यानुसार ठसा असलेल्या वस्तूत भर घालायची किंवा बदल करायचा तर परीक्षण कचेरीची संमती लागते. त्यामुळे दांडाच बदलून नवा घालायचा विचार असेल तर थांबा. मूळ दांडा कितीही वेडावाकडा झाला तरी तोच जोडा.

अजून एक. पेटीतल्या एखाद्या वस्तूच्या कडेने तांब्याची लाली झिरपताना दिसली तर तिला लगेच मुलाम्याला पाठवू नका. ते जुनं शेफील्ड प्लेट असू शकतं, म्हणजे तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून-दाबून एकजीव केलेला. १७४०च्या दशकात थॉमस बोल्सोव्हरने ही रीत काढली, १८४० मध्ये एल्किंग्टन यांनी विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतल्यावर ती मागे पडली. त्यावर नवा मुलामा म्हणजे शिलालेखावर रंग मारण्यासारखं.

मोरपीस:
सुऱ्या राहिल्या.

ठोकपीट:
मुठी पोकळ असतात. पातळ पत्र्याचे दोन अर्धे जोडलेले, आत राळ आणि भुकटीचं भरण, त्यात पात्याची शेपटी रोवलेली. यांना ज्योत दाखवायची नाही म्हणजे नाही. आतल्या भरणातून वायू सुटतो, त्याला वाट मिळत नाही, मूठ फुटते. वजनदार बुडाच्या मेणबत्तीदाण्यांनाही हेच लागू.

मूठ गरम पाण्यात धरा, जोडाच्या रेघेवर पाणी आत जाऊ न देता. राळ नरम पडली की पातं सरळ रेषेत ओढा, पिळू नका. शेपटीवरचा गंज खरवडा. जुनी पाती साध्या पोलादाची, गंज फुगतो आणि मुठीची शिवण आतून उसवतो, म्हणून तुमच्या मुठींची शिवण भिंगाखाली बघून घ्या. शिवण शाबूत असेल तर जुनं भरण टोकरून काढा आणि पातं नव्याने बसवा. इथे मात्र हळू आवळणारं इपॉक्सी चालतं, रिकामटेकडीताई, तुमची इच्छा पूर्ण. सुरी उभी धरून सुकू द्या. पुढे भांडी धुण्याच्या यंत्रात कधीही नको, सुऱ्या सैल होण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

धातूवेडा:
भरण परत राळेचंच करा असं मी म्हणेन. काढता येतं.

ठोकपीट:
कपाटातल्या सुरीला राळ, ताटाशेजारच्या सुरीला इपॉक्सी. यावर आपलं एकमत होणार नाही, सोडून द्या.

काट्याचा दाता: पक्कडीच्या जबड्यांना चामडं लावून मुळाशी धरा आणि एकाच दमात, सावकाश सरळ करा. मागे-पुढे, मागे-पुढे असं खेळवलं तर मोडतो. आधी मुळाशी भिंगाने बघा, केसासारखी भेग असेल तर हात लावू नका. आणि नरम पडावा म्हणून तापवूही नका. दात्यांचा ताठपणा पत्रा लाटल्या-ठोकल्यामुळे आलेला असतो. एकदा ताव दिला की दाते प्रत्येक घासाला वाकतील.

मोरपीस:
आणि काळवंडलेपण? दुरुस्तीआधी उजळू की नंतर? अ‍ॅल्युमिनियमचा कागद आणि सोड्याचं गरम पाणी असं सगळीकडे सांगतात.

धातूवेडा:
काळेपणा म्हणजे चांदीचा सल्फाइड. कागद-सोड्याने तो जातो हे खरं, पण नक्षीच्या खाचांतला काळाही जातो आणि नक्षी सपाट, मेलेली दिसते. पोकळ मुठी, भरीव बुडं, डाखाच्या फटी यांत पाणी शिरून बसतं ते वेगळंच. दुरुस्तीआधी फक्त जोडाची जागा साफ करा. नंतर अख्खं भांडं बारीक खडूची भुकटी पाण्यात कालवून मऊ कापडाने. फिरत्या चाकावर देऊ नका, ठसे त्यानेच पुसट होतात. टूथपेस्टही नको, चरे पडतात.

मोरपीस:
ठरलं. साखरदाणीचा पाय आणि काटा मी घरी करते, सुऱ्या राळेने. चहादाणी चांदीकाम करणाऱ्याकडे देते, करड्या गोळ्याचा फोटो आणि ढालीची जागा कागदावर काढून. पोच्याला हात लावू नका असं लिहून देईन. एक शेवटचं, दुरुस्तीनंतर तिच्यात चहा करायचा का?

ठोकपीट:
दांड्याचा सांधा बाहेरून आहे, त्याची काळजी नाही. झाकण उघडून आत विजेरी मारा. तोटीच्या मुळाशी जाळीसारखी भोकं असतील, त्यांच्या आणि तळाच्या कडेने फिरवा. आत कुठेही तसाच करडा, सुई रुतणारा डाख दिसला तर तो काढून घेईपर्यंत त्यात चहा करू नका, शिसं उतरतं. सगळीकडे चांदीच दिसली तर खुशाल करा.

आणि कारागिराला 'आत शिसं आहे' हे फोटोसोबत तोंडीही सांगा. फोटो बघायच्या आधी ज्योत लावणारे असतात.

मोरपीस:
आत्ताच विजेरी मारली. तोटीच्या भोकांपाशी एक करडा ठिपका आहे. तोही त्यांच्याकडून काढून घेते.